हस्तिदंती पडदा

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दाढीवाल्याचा नवा सिनेमा पाहिला. पहिला खेळ, तिकीट काढून. आमचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच थेटरात सिनेमा दाखवायच्या मशीनवर आहे. मनात आणलं तर फुकट बसता येईल. पण मग उद्या कोणीतरी म्हणेल, रंगवाला विकला गेला. माझ्या रंगाच्या दुकानाबाहेर जो काळा फलक आहे, त्यावर दर शनिवारी सकाळी मी सिनेमाचा निकाल लिहितो, आणि रस्त्यावरची निम्मी माणसं तो वाचून बेत ठरवतात. अशा माणसाने मिंधं राहून चालत नाही.

सिनेमाबद्दल: दाढी उत्तम आहे. तिच्यामागच्या माणसाला अभिनयाची गरज पडू नये इतकी उत्तम. अख्ख्या सिनेमात तो तीनदा बोलला, त्यातलं एकदा घोड्याशी. घोड्याने मात्र चांगलं ऐकून घेतलं. पोटावरचे चौकोन रंगवलेले आहेत, यावर मी दुकान पणाला लावतो. दिवा डावीकडे आणि सावलीही डावीकडे! पाटीवरच्या अक्षरांना मी अशी सावली मारली असती तर गिऱ्हाइकाने डबा माझ्याच डोक्यावर उपडा केला असता.

पण मला खटकलं ते वेगळंच. सगळा सिनेमा पिवळा. सकाळ पिवळी, दुपार पिवळी, नायिकेचा पांढरा झगा मळक्या अभ्र्यासारखा. रात्रीच्या प्रसंगात मोटारीच्या दिव्यांभोवती वर्तुळं. हिरो मोटारीपुढे उभा राहिला की मागे देवासारखी प्रभावळ. आधी वाटलं दिग्दर्शकाची भक्ती असेल. मग आठवलं, गेल्या महिन्यातल्या सिनेमातही हेच, त्याच्या आधीच्यातही हेच. तीन दिग्दर्शक एकाच वेळी भक्त होत नाहीत.

कुठेतरी पाणी मुरतंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

फलकावर लिहिलं: ‘दाढी पहावी, सिनेमा पाहू नये.’

संध्याकाळी मेहुणा घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, “भावोजी, दाढीवाल्याची चाहती पोरं तुमचा फलक फोडणार एक दिवस.”

“फलक माझा आहे. तू मला एवढं सांग, मशीनचा दिवा जुना झालाय का रे?”

“छे. हिवाळ्यातच बदललाय.”

“आणि चालवतोस पूर्ण तेजावर?”

त्याने कप खाली ठेवला. ही थेटरांची जुनी चलाखी आहे. दिवा महाग, म्हणून तो मंद चालवायचा, जास्त दिवस पुरवायचा. लोकांना काय, अंधारात बसलेले असतात.

“भावोजी, तुम्ही मला नक्की काय विचारताय?”

“साधा प्रश्न आहे.”

“साधा नाही तो,” म्हणाला, आणि निघून गेला. निम्मा चहा तसाच. निर्दोष माणूस चहा टाकून जात नाही. शिवाय पायात नवे बूट होते. मी हे बायकोला बोलून दाखवलं. ती गणिताची शिक्षिका आहे, उत्तर थोडक्यात देते.

“बूट मी घेऊन दिलेत.”

म्हणजे तीही त्याच्या बाजूने.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पलीकडच्या दंतवैद्यबाई दुकानात आल्या. दवाखान्याला सायीचा रंग हवा होता, मी बर्फाचा दिला, अशी तक्रार. भिंत निळसर पांढरी दिसते म्हणे, तिच्यापुढे पेशंटचे दात पिवळे दिसतात, माणसं आरशात बघून खचतात.

मी शांतपणे सांगितलं, “बाई, तुमचे दिवे स्वस्तातले आहेत. रंग मी स्वतः मिसळलाय, नजरेने.”

कंपनीने दिलेलं रंग मिसळायचं यंत्र माझ्याकडे आहे. त्यावर मी जेवणाचा डबा ठेवतो. यंत्राला आकडे कळतात, छटा कळत नाही. इतकी वर्षं लोक माझ्याकडे येतात ते माझ्या नजरेसाठी. बाई दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकावतात, त्यांना भिंतीची काय सवय!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पुरावा मिळाला.

सिनेमा त्या काचेच्या बाहुलीचा. तिला मी हे नाव ठेवलंय, कारण चेहरा गुळगुळीत आणि आत काही हललेलं दिसत नाही. नवरा मेला तरी तोच चेहरा, लॉटरी लागली तरी तोच. मासिकांनी तिला ‘डोळ्यांनी बोलणारी’ म्हटलंय. मासिकांना किती पैसे पोचले असतील, देव जाणे.

तर पुरावा. खिशात पांढऱ्या छटांचं कार्ड नेलं होतं. शुभ्र, दुधी, मोतिया, हस्तिदंती, सगळे पांढरे आणि त्यांचे चुलतभाऊ. पडद्यावर बर्फाळ डोंगर आला तेव्हा त्या उजेडात कार्ड धरलं. शुभ्राची पट्टी हस्तिदंती दिसत होती. चक्क हस्तिदंती! म्हणजे पडद्यावरून येणारा उजेडच पिवळा. थकलेल्या, मंद केलेल्या दिव्याचा. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, “काका, पत्ते नंतर खेळा.” सत्यशोधकांना हे ऐकून घ्यावंच लागतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फलक: ‘बाहुली काचेची. थेटरात दिवा वाचवतात आणि तुमचे डोळे जाळतात. घरी बसा.’

दुकानासमोर गर्दी जमली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “मलाही आजकाल अंधुकच दिसतं तिथे.” मला धन्य वाटलं. साक्षीदार मिळाला. बायकोचं म्हणणं, त्या गृहस्थांना फलकही अंधुकच दिसत होता, त्यांनी तो दुसऱ्याकडून वाचून घेतला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

थेटरचा मालक आला होता. उन्हातही गळ्यात मफलर, म्हणून सगळे त्याला मफलरवालेच म्हणतात. दुकानात एकही डबा न बघता उभा राहिला.

“रंगवाले, खुर्च्या रिकाम्या पडल्या हो.”

“दिवा पूर्ण लावा, भरतील.”

“पूर्णच आहे.”

“मग वरचा माणूस तुम्हालाही फसवतोय.”

हे माझ्या तोंडून गेलं. मफलरवाल्यांनी मफलर एकदा सोडला, परत गुंडाळला. “तुमचाच मेहुणा ना तो?”

“म्हणून तर सांगतोय. मी नातं बघत नाही.”

ते गेल्यावर स्वतःचा थोडा अभिमान वाटला. थोडा कमी वाटायला हवा होता, असंही वाटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गंमत झाली. तेच पांढऱ्या छटांचं कार्ड आज दुकानाबाहेर, लख्ख उन्हात पाहिलं. शुभ्राची पट्टी हस्तिदंती.

उन्हात! सूर्य तर कोणी मंद चालवत नसेल. म्हणजे कार्डच बिघडलेलं. कंपनीने छपाईत काटकसर केली. गोदामातून नवं, सील न फोडलेलं कार्ड काढलं. तेही हस्तिदंती. म्हणजे अख्खा गठ्ठाच खोटा. कंपनीला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, अशी तक्रार आजवर कुणाची आली नाही.” असं तर सगळेच म्हणतात.

थेटर, कंपनी, घर. जाळं मोठं आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मफलरवाल्यांनी मशीनला कोरा दिवा बसवला आणि मला मुद्दाम बोलावलं, अगदी मधली खुर्ची. आज बायकोही आली. सिनेमा एका मालिकेतून आलेल्या पोराचा. मालिकेत तो चार वर्षं एका दारात उभा होता, इथे त्याला खिडकीत उभं केलंय, ही प्रगती.

पडदा उजळला आणि सगळं थेटर “अहाहा” म्हणालं. पुढचा एकजण म्हणाला, “डोळे दिपले राव.”

मला तोच पिवळा दिसला. तीच वर्तुळं.

आधी वाटलं, माणसं बसवलेली आहेत. टाळ्यांना बसवतात तशी. शेजारी पाहिलं तर बायकोने कपाळावर हात आडवा धरला होता, जसा उन्हात धरतात. तिला कोणी विकत घेऊ शकत नाही, हे मी लग्नापासून जाणतो. आणि एवढ्या सगळ्या लोकांना पैसे चारायचे म्हणजे मफलरवाल्यांना थेटरच विकावं लागेल.

मग काय?

हा प्रश्न इथेच सोडतो. झोप येतेय.

१ मार्च, शनिवार

आज फलक कोरा ठेवला. पोटात बरं नाही असं कारण सांगितलं.

दुपारी मफलरवाले आले. दिव्याचा भुर्दंड बसला, काल दिवा बघायला आली तेवढी आली, आज खुर्च्या परत रिकाम्या. आता नवीन मशीन ऑफिसातूनच बटणावर चालतं म्हणे, वर माणूस लागत नाही. मेहुण्याला या महिनाअखेरपर्यंतच ठेवणार. “तुमच्या फलकामुळे नाही हो,” म्हणाले. “म्हणजे फलकामुळेच, पण तुमच्यावर राग नाही.”

मेहुणा मिसरूड फुटल्यापासून त्या खोलीत आहे. दुसरं काम त्याला येत नाही, आणि त्या कामाची थेटरं आता उरली नाहीत.

घरी बायको उत्तरपत्रिका तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, थेटरात पिवळं दिसतं. कार्ड पिवळं दिसतं. तुम्ही मिसळलेला सायीचा रंग तुम्हाला सोडून सगळ्यांना बर्फाचा दिसतो. या तिन्हींत समाईक काय?”

“कट,” मी म्हणालो.

तिने लाल पेन खाली ठेवलं. “आठवीतल्या पोराने असं उत्तर दिलं असतं, तर त्याच्या आईवडिलांना बोलावून घेतलं असतं मी.”

३ मार्च, सोमवार

दंतवैद्यबाईंकडे स्वतः गेलो, त्यांचे दिवे किती वाईट आहेत ते एकदा दाखवून द्यायला. बाईंनी वाद घातला नाही. ड्रॉवरमधून एक पट्टी काढली, तिला ओळीने नकली दात लावलेले. नवा दात बसवताना शेजारच्या दातांशी छटा जुळवायला वापरतात. म्हणजे बाईही माझ्याच धंद्यातल्या, फक्त भिंती छोट्या.

दोन दात पुढे धरले. “यातला पिवळा कुठला?”

“दोन्ही एकच आहेत. बाई, तुम्ही माझी परीक्षा घेताय.”

त्यांनी खुर्चीतल्या पेशंटला विचारलं. त्याच्या तोंडात कापूस कोंबलेला होता. त्याने क्षणात बोट दाखवलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू दात माझेच काढायचे आहेत. तो खोटं बोलत नव्हता. त्याला बोलताच येत नव्हतं.

“काका,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “डोळे कधी तपासलेत?”

बाहेर येऊन बराच वेळ त्यांच्या पाटीपाशी उभा राहिलो. पाटी मीच रंगवली होती.

५ मार्च, बुधवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. वयाच्या मानाने लवकर, पण असतो एकेकाला, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू पिवळा पडदा चढत जातो, म्हणून माणसाला कळत नाही. दिव्यांभोवती वर्तुळं दिसतात का? मी विचारलं, कधीपासून असेल? म्हणाले, वर्षभर तरी.

हा डॉक्टर बायकोच्या ओळखीचा आहे. म्हणून संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. त्याच्या ओळखीचं आमच्या घरी कोणी नाही. त्यानेही तेच सांगितलं, वर जास्त फी घेतली.

१२ मार्च, बुधवार

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी काल निघाली. दुसरा पुढच्या महिन्यात.

निळा. काय निळा आहे! दुकानातला निळ्या रंगाचा प्रत्येक डबा माझ्यावर ओरडतोय. नवा डोळा मिटला की जग जुन्या फोटोसारखं, जुना मिटला की नुकतंच धुतलेलं. दिवसभर हा खेळ खेळलो. गिऱ्हाइकं समजली मी डोळे मारतोय. एक बाई रंग न घेताच गेली.

सील फोडलेलं कार्ड पाहिलं. शुभ्र शुभ्र आहे. कंपनी निर्दोष.

दंतवैद्यबाईंची भिंत पाहिली. बर्फाचीच आहे. बाईंनी सभ्यपणा दाखवला होता; मी असतो तर बर्फाचा कारखाना म्हटलं असतं. सायीचा रंग मिसळताना पांढराच मला आधी सायीइतका पिवळा दिसायचा, म्हणून पिवळा घालताना हात आखडला. वर्षभर प्रत्येकाच्या भिंतीत हात आखडला असणार.

थेटरबाहेर दाढीवाल्याचं पोस्टर आहे. पोट रंगवलेलंच आहे. नव्या डोळ्याने तर ब्रशचे फराटेही दिसले.

मेहुण्याकडे जायचं होतं. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

१५ मार्च, शनिवार

रात्री अंथरुणात हिशेब घातला. डोळ्यांचं खरं लिहिलं, तर वर्षभरात रंग नेलेलं प्रत्येक घर दुकानाच्या दारात येईल. रंग माझ्या नजरेवर विकला जातो, आणि ती नजरच खोटी होती म्हणून मीच पाटी लावायची? नाही लिहिलं, तर मेहुणा महिनाअखेर घरी बसतो.

मी मधला रस्ता काढला. मधले रस्ते शोधायची मला जन्मजात खोड आहे. फलकावर लिहिलं: ‘थेटरचा दिवा आता झकास. जरूर जा.’

बायको शाळेतून येताना वाचून आली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली.

“आता झकास. आधी?”

“अगं, लोक एवढं खोलात जात नाहीत.”

“लोक एवढंच वाचतात. दिवा आधी मंद होता, रंगवाल्याने पकडलं, मग सुधारला. म्हणजे माझा भाऊ चोर ठरला, आणि तुम्ही शूर.” मग आवाज न चढवता म्हणाली, “तुमचं दुकान वाचलं. छान झालं.”

आणि स्वयंपाकघरात गेली. ती भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१७ मार्च, सोमवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी फलक पुसला. ब्रश हातात धरून खूप वेळ उभा राहिलो. दुधवाला म्हणाला, “आज कुठला सिनेमा?” म्हटलं, “माझाच.”

लिहिलं: ‘थेटरचा दिवा वर्षभर चांगलाच होता. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. मशीनवरच्या माणसावर मी खोटा आळ घेतला. वर्षभरात माझ्याकडून रंग नेलेल्यांनी आपली भिंत पाहून यावं.’

आले. दुपारपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एकाचा बदामी रंग राखाडी निघाला होता, त्याला वाटायचं घरालाच ओल आलीय. एक जण म्हणाला, “मी तर बायकोला म्हणायचो, तुझाच डोळा खराब आहे.” त्याची बायको मागेच उभी होती. ज्यांना हवं त्यांना रंग बदलून देणार, यंत्रावर मिसळून. डबा मी यंत्रावरून काढला.

दंतवैद्यबाई शेवटी आल्या. “माझी भिंत राहू द्या तशीच.”

“का हो बाई?”

“सगळ्यांना दात पिवळे दिसतात ना. आता रोज कुणी ना कुणी साफ करून घ्यायला येतं.”

दाढीवाल्याची पोरंही आली. त्यांना वर्षभरातले सगळे निकाल परत हवे आहेत, नव्या डोळ्याने. मी म्हटलं, विचार करतो. पोट मात्र रंगवलेलंच आहे.

२१ मार्च, शुक्रवार

थेटर तुडुंब. फलक वाचून अख्खा रस्ता लोटला होता, रंगवाल्याने आपल्याला वर्षभर काय काय पाहू दिलं नाही ते बघायला. मफलरवाले दारातच उभे. म्हणाले, “बटणाचं मशीन सध्या राहू दे. तुमचा मेहुणा राहील.” मग गळ्यातला मफलर सारखा करत म्हणाले, “पुढच्या वेळी डोळ्यांचं आधी मला सांगत जा.” पुढच्या वेळी म्हणजे काय, ते विचारलं नाही.

सिनेमा काचेच्या बाहुलीचा. एका डोळ्याने पाहिला, चांगल्या. ती रडायच्या आधी तिच्या डोळ्यांच्या कडा लाल होतात. अश्रू नंतर येतात. ते ग्लिसरीनने होत नाही, ग्लिसरीन घाईत असतं. आजवर मला फक्त गुळगुळीत गाल दिसत होते. या मुलीची मी माफी मागायला हवी, पण रांगेत तिच्या आधी दुसरा एक आहे.

मध्यंतरात जिने चढून मशीनच्या खोलीत गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मेहुणा स्टुलावर बसून डबा खात होता. वर पाहिलं नाही.

“बाहेरच्यांना इथे मनाई आहे, भावोजी.”

“मी दारातच उभा आहे.”

“फलकावर लिहिलंत ते वाचलं मी. चांगलं अक्षर आहे तुमचं. पण चोर म्हणालात ते तोंडाने म्हणालात, मालकाला.”

मी घसा साफ केला. “चुकलं माझं.”

“काय?”

“चुकलं माझं!”

“ऐकू येत नाही भावोजी, मशीनचा आवाज आहे. जरा मोठ्याने.”

मी छाती भरून घेतली आणि ओरडलो. भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून माझा आवाज सगळ्या थेटरात गेला असणार, कारण खालून हशा उसळला आणि कोणीतरी ओरडलं, “काय चुकलं, काका? परत सांगा!” मेहुण्याने हसू येऊ नये म्हणून भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, पण हसू आलंच, आणि ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. मग त्याने डब्याचं झाकण उलटं करून त्यात माझ्यासाठी थोडी भाजी काढली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती खूप दिवसांनी हसली. आता लिहायला बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात येतेय. मध्यंतर होतं. पडद्यावर काहीच चालू नव्हतं. मशीन बंद होतं.